ताजं नाक

नव्वदच्या दशकात सिन्नरच्या बाजूला मी ज्या कारखान्यात ऑपरेटर होतो, तिथे उसाच्या मळीपासून आलेल्या अल्कोहोलची आणि अमोनियाची वाफ तापलेल्या कॅटॅलिस्टवरून नेऊन अमाइन बनवत. अमाइनला सडक्या माशांचा वास. बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसत नसे. आम्हाला मात्र त्याचं काही वाटत नसे, कारण आत गेल्यावर तासाभरात नाक मरतं.

म्हणून आमच्यात एक शिरस्ता होता. पाळी संपली की जाणाऱ्या माणसाने खुर्चीत बसायचं आणि बाहेरून ताज्या नाकाने येणाऱ्याने सगळ्या पंपांपाशी फिरून वास घ्यायचा. त्याने मान डोलावली की मग लॉगबुकात सही. बदली माणूस आलाच नाही, तर गेटवरच्या वॉचमनला बोलवायचं. हे मला मामांनी शिकवलं. मामा म्हणजे इगतपुरीहून रेल्वेने आणि पुढे बसने येणारे आमचे थोरले ऑपरेटर. नात्याने माझे कुणी नव्हेत.

एकदा रात्रपाळी संपली तरी सकाळचा माणूस आला नाही. मी दुसरी पाळीही ओढली. वॉचमनला बोलवायला मला कमीपणा वाटला. सहा वर्षं ऑपरेटर असलेला मी, आणि माझ्या पंपांचा वास त्याने घ्यायचा? 'गळती नाही' असं लिहून मी सही ठोकली.

दुपारी तीनला, पुढच्या पाळीसाठी आलेले मामा धावतच आत आले, गॉगल न लावता. थेट दोन नंबरच्या पंपाकडे गेले. व्हॉल्व्ह बंद करायला वाकले आणि तेवढ्यात पंपाचं सील फुटून अमाइन त्यांच्या तोंडावर उडालं. मी त्यांना शॉवरखाली धरून ठेवलं. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं पडलं ते दुसऱ्याच्या अंगावर. त्यांचा उजवा डोळा वाचला नाही.

चौकशीत साहेबांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "चूक माझीच हाय साहेब. गॉगल लावला नाय."

लॉगबुक टेबलावर उघडंच होतं. मी एक अक्षर बोललो नाही. बायको तेव्हा पोटुशी होती, नोकरी गेली असती, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, आणि त्याची लाज अजून गेलेली नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मामा, गॉगल न लावता कशाला आलात आत?"

"वास गेटपासूनच येत व्हता," ते म्हणाले. "तू आत हाय, आन् तुला तो कळत नसंल, येवढंच डोक्यात आलं."