सूर्य काढलेलं पाकीट

आमच्या औषधांच्या दुकानात मुदत संपलेल्या गोळ्या काउंटरखालच्या खोक्यात टाकतात. रोज एखादी पट्टी पडते, कुणी बघत नाही, आणि एक दिवस खोक्याचं झाकणच लागत नाही. चुकांचे किस्सेही तसेच साठलेत. सांगताना हसू येतं, पण खरं सांगू? मला अजून भीती वाटते.

*

मध्य प्रदेशातल्या धारमध्ये नोकरीला लागले, तो पहिलाच आठवडा. एका बाईंना डोळ्यांऐवजी कानांचे ड्रॉप्स दिले! लक्षात आलं तेव्हा त्या कोपऱ्यावर भाजी घेत होत्या. हाक मारायची लाज वाटली, म्हणून मी आत जाऊन चहा घेत बसले. संध्याकाळी त्या लालभडक डोळा घेऊन आल्या. आमचे मालक अण्णा त्यांना स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "वीणा, चूक एका मिनिटाची होती. चहा अर्ध्या तासाचा झाला."

*

दिनेश भिया (इकडे भैयाला भियाच म्हणतात) काउंटरवर माझ्याहून जुने. त्यांनी एकाला ॲसिडिटीच्या गोळीऐवजी व्हिटॅमिनची दिली. त्यानं विचारलं, तर ऐटीत म्हणाले, "कंपनी ने रंग बदल दिया, भिया!"

बातमी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी चार जण आपल्या अगदी योग्य गोळ्या परत करायला हजर! "ये तो पुराने रंग की है, नकली दे दी क्या?" एका मावशींनी तर घाबरून बीपीची गोळीच बंद केली होती. दिनेश भिया भर उन्हात घरोघर फिरून "मैंने झूठ बोला था" सांगत होते.

*

एकदा अण्णांनीच इन्सुलिनच्या फ्रिजचा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावला. लक्षात येईपर्यंत सहा जणांना इन्सुलिन विकून झालं होतं. अण्णा एकेकाला फोन करायला बसले.

"अण्णा, लोक घाबरतील."

"घाबरू देत. घाबरलेला माणूस निदान दुकानात परत येतो."

*

आणि धार-देवास बसचे ड्रायव्हर महेश भिया! सर्दीनं बेजार होऊन एका संध्याकाळी माझ्याकडून गोळ्या घेऊन गेले. सकाळची गोळी साधी, रात्रीची झोप आणणारी. आमच्याकडे पाकिटावर चित्र काढून देतात, सकाळच्यावर सूर्य आणि रात्रीच्यावर चंद्र.

दुसऱ्या दिवशी त्याच पट्ट्या जागेवर ठेवताना मला लख्ख आठवलं. रात्रीच्या पाकिटावर मी सूर्य काढला होता!

साडेनऊ झाले होते. त्यांची बस नऊची. बसमध्ये चाळीस माणसं! महेश भियांना फोन लावला, ते उचलेनात.

"अण्णा, नसेलही घेतली त्यांनी..."

"रड नंतर. आधी बस थांबव."

वाटेतल्या घाटाबिल्लोदच्या तिकीट एजंटला फोन लावला. त्यानं कारण विचारलं. घरून निरोप आहे असं काहीतरी सांगावं, असं क्षणभर वाटलं. मग मी म्हणाले, "गलत गोली मैंने दी है. बस रोको."

दहा मिनिटं मी फोन कानाला लावून उभी होते. शेवटी एजंट म्हणाला, "रुकवा दी. लो, कंडक्टर से बात करो."

"हाँ दीदी," कंडक्टर म्हणाला, "भिया को नींद आ रही थी, तो पीछे की सीट पे सुला दिया."

"फिर बस कौन चला रहा था?"

"मैं! घबराओ मत दीदी. सर्दी तो मुझे भी थी, सुबह भिया के पाकिट से एक गोली मैंने भी ले ली."