विमेभाऊ आणि वीतभर चूक

"इथी निरंक नाई चालत, साहेब," असं म्हणून विमेभाऊ अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवायचे आणि ते बोट मग तिथून हलायचं नाही. तुम्ही चहा मागवा, पावसापाण्याच्या गोष्टी काढा, खिडकीशी जाऊन उभे राहा, बोट आपलं तिथेच. रकान्यात प्रश्न होता, आजवर आपल्या कामात आपल्या हातून कोणती चूक झाली? आणि इंजिनियर म्हणवणारा प्रत्येक माणूस तिथे झोकदार अक्षरात 'निरंक' लिहून मोकळा व्हायचा.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली, अहेरी, पार भामरागडपर्यंतचं सगळं जंगल या एकाच जिल्ह्यात होतं. विमेभाऊ एका विमा कंपनीचे एजंट होते. त्यांचं खरं नाव होतं, पण ते फक्त टपालवाल्याला ठाऊक असावं. धानाच्या गिरण्या आणि लाकडाचे डेपो यांच्या आगीच्या विम्यावर त्यांचं घर चाले. जीव मात्र दुसऱ्याच एका विम्यावर होता, इंजिनियरच्या चुकीच्या विम्यावर. तुमच्या आखणीत चूक झाली, त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर ते कंपनी भरून देणार. असा विमा घ्यायचा म्हणजे आपण चुकू शकतो हे आधी मान्य करायला हवं. आता आम्हा इंजिनियरांची जात तुम्ही पाहिलीच असेल. सासऱ्याने बांधलेल्या घरातही आम्ही भिंतीला ओळंबा लावून पाहणारे. विमेभाऊंचा हा धंदा जेमतेमच चाले.

एकदा ते रस्त्याची पाहणी करणाऱ्या एका ओव्हरसियरला गाठायला भामरागडला गेले. वर पावसाने नद्या चढल्या, वाट बंद झाली आणि भाऊ दीड महिना तिथेच अडकले. परत आले ते पिशवीभर चारोळी, गोंडीतले दहा-वीस शब्द आणि एकही पॉलिसी नाही अशा थाटात. ओव्हरसियर पटला नाही का, असं मी विचारलं. म्हणाले, माणूस फार चांगला, पण दीड महिन्यात त्याला स्वतःची एक चूक आठवली नाही, अशा माणसाची कंपनीला भीती वाटते. कंपनीला नव्हे, भीती त्यांनाच वाटत असणार.

नोकरी सोडून मी स्वतःची पाटी लावली तेव्हा ते तिसऱ्याच दिवशी हजर झाले. मीही 'निरंक' लिहिलं होतं. बोट ठेवून ते अर्धा तास बसले. शेवटी मी कबूल केलं की एका डॉक्टरांच्या बंगल्यात मी जिना असा काढला होता, की वरच्या खोलीचं दार उघडलं की जिन्यावरचा माणूस खाली जायचा. भाऊ हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कोन पडलं?" मी म्हटलं, डॉक्टर स्वतःच पडले. "मंग बरं झालं, मलमपट्टी घरातच होती," म्हणाले आणि रकाना नीट भरून घेतला. जिल्ह्यातल्या निम्म्या इंजिनियरांच्या चुका या माणसाच्या पोटात होत्या आणि एकाचीही दुसऱ्याला कधी कळली नाही.

पॉलिसीतलं एक कलम मात्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. चूक झालीच, तर कंपनीची लेखी परवानगी आल्याशिवाय, 'माझी चूक झाली' असं विमेदाराने कुणाजवळही म्हणायचं नाही. म्हटलं, तर विमा गेला. वाचताना त्यांचा चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा झाला होता.

माझं पहिलं मोठं काम पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका गावी होतं. जुना तलाव, फुटका सांडवा. जास्तीचं पाणी बांधावर न चढता बाजूने निघून जावं म्हणून जी दगडी वाट असते, तो सांडवा. वरच्या अंगाला धानाची शेतं, बांधाच्या पायथ्याशी मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती. धान, मासोळी, घरं, सगळं त्या बांधाच्या भरवशावर. हिवाळ्यात मी उंची मोजायला गेलो, मोहाच्या झाडाखालच्या एका दगडावर लाल रंगाची खूण केली आणि ठरवलं की सगळी मापं या खुणेवरून घ्यायची. दुसरी खूण गावाच्या टोकाला शाळेच्या पायरीवर करून ठेवली. पहिलीत काही गडबड झाली तर असावी म्हणून.

दोन महिन्यांनी काम सुरू करायला गेलो तर माझ्या दगडाला कुणी नारळ फोडला होता, शेंदूर लावला होता, भोवती शेणाने सारवलेला सुरेख ओटा होता. सरकारी माणसासारखा दिसणारा कुणीतरी दुर्बीण लावून ज्या दगडाकडे तासभर पाहतो आणि त्याला लाल टिळा लावतो, तो दगड साधा नसणार, असं गावाने ठरवलं होतं. मला गंमत वाटली. नमस्कारही केला. मला वाटलं, ओटा दगडाच्या भोवती बांधलाय. प्रत्यक्षात देव ओलीत बसू नये म्हणून त्यांनी दगड उचलून ओट्यावर ठेवला होता. शाळेच्या पायरीवरून एकदा ताडून पाहिलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं. पण ऊन फार होतं आणि मी इंजिनियर होतो.

गावाने श्रमदान केलं, सांडवा झाला. श्रावणात मी पाहायला निघालो. विमेभाऊ पोंभुर्ण्याच्या गिरणीत आलेच होते, तेही माझ्या बैलबंडीत बसले. बांधावर पोचलो. पाणी बांधाच्या माथ्याला भिडायला आलं होतं आणि सांडव्यावरून नुसती पातळ धार चालली होती. वरच्या चार शेतांतला धान बुडाला होता. मी धावत शाळेपर्यंत गेलो, मापं घेतली. सांडवा एक वीत उंच झाला होता, देवाचा ओटा होता तेवढाच.

उपाय सोपा होता. सांडव्याचा वरचा थर सब्बलीने, म्हणजे पहारीने, आत्ताच्या आत्ता फोडायचा. पण ज्यांनी महिनाभर राबून तो बांधला, त्यांना काय सांगून फोडायला लावणार? खरं सांगितलं तर विमा जाणार, बुडालेल्या धानाची भरपाई माझ्या बापजन्मी झाली नसती, आणि पाटी लावून वर्ष झालं नाही तोच उतरवावी लागली असती. नागपूरला कंपनीला पत्र टाकून परवानगी मागवायची तर आठ दिवस. पाणी आठ दिवस थांबणार नव्हतं. तोवर माणसं जमली होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी तोंड उघडलं. भाऊंनी माझं मनगट धरलं, घट्ट.

"साहेब काई बोलले नाईत, आन बोलनारबी नाईत," ते गावकऱ्यांना म्हणाले. "मी बोलून राह्यलो. सांडवा वीतभर उच्चा झाला. माप चुकलं. बांध वाचवाचा असन त सब्बली आना."

 मग वस्तीतले सगळ्यात म्हातारे बाबा पुढे झाले. म्हणाले, देवाला आम्हीच उचललं, तेव्हा चूक आमची. भाऊ म्हणाले, तुम्ही देव उचलला, तो उचलायचाच असतो. ज्याने मोजायला दुर्बीण आणली त्याने दोनदा मोजायचं असतं. माझे कान तापले, पण त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. सांज व्हायच्या आत वरचा थर फोडून झाला आणि पाणी धो धो निघालं. बांध राहिला, वस्ती राहिली.

कंपनीचा साहेब नागपूरहून आला. तुम्ही चूक कबूल केली का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. गावालाही त्याने तेच विचारलं, गावानेही तेच सांगितलं. भाऊंना विचारलं तेव्हा त्यांनी घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, आपण काय बोललो तेही. साहेबाने कलम पुन्हा पुन्हा वाचलं. विमेदाराने बोलू नये असं त्यात होतं, एजंटाने बोलू नये असं लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कंपनीने शेतांची भरपाई दिली, सांडवा नव्याने बांधायचे पैसे दिले. माझी पाटी राहिली.

पुढच्या वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण करायला दुसराच एजंट आला. मी भाऊंच्या घरी गेलो. ओसरीवर बसून ते पायाला तेल चोळत होते. "वात झाला, साहेब. आता फिरनं होत नाई," म्हणाले, आणि तलावातल्या मासोळीची चौकशी करू लागले. मी विश्वास ठेवला. मला तो सोयीचा होता.

पुढे दोन वर्षांनी ते गेले. तेराव्याला पोंभुर्ण्याच्या गिरणीमालकांशेजारी पंगतीत बसलो होतो. त्यांनी वाढणाऱ्याला हाताने थांबवत सहज सांगितलं, की वाताबिताचं काही नव्हतं, तलावाच्या प्रकरणावरून कंपनीने भाऊंची एजन्सी काढून घेतली होती. सगळ्या चांद्याला माहीत होतं. साहेबांना सांगू नका, अशी भाऊंनीच ताकीद दिली होती.  मला भाऊंचा राग आला, आणि स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच त्या गावी गेलो. भरपाई केव्हाच वाटून झाली होती, कागद बंद झाले होते, आता मला कुणाची मनाई नव्हती. तेच म्हातारे बाबा बांधावर जाळं विणत बसले होते. त्यांच्यासमोर उभा राहून मी म्हटलं, "बाबा, त्या वेळची चूक माझी होती. मी दोनदा मोजायला हवं होतं."

"मालूम हाये," ते म्हणाले. "विमेभाऊ तवाच सांगून गेले होते. म्हने, साहेबाले आता बोलाची मनाई हाये. मनाई सरली का थो सोताहून येईन, तवरी त्याले कोनी काई म्हनू नोका. आमी वाट पाहूनच राह्यलो होतो."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, मला बसायला जागा केली आणि माझ्यामागच्या रिकाम्या वाटेकडे पाहिलं.

"काऊन साहेब, भाऊले नाई आनलं संग?"

गावाला अजून कळलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसलो आणि त्यांना सांगितलं.