प्रयागबाईंच्या नंबरावरची लेकरं

प्रयागबाई रंगारींना स्वतःचं मूल नाही. तरी त्यांच्या कोपरा फुटलेल्या फोनवर दर मंगळवारी संध्याकाळी लेकरांच्या लसीचे निरोप येतात. कधी सहा, कधी अकरा. ‘आपल्या बाळाला उद्या लस द्यायची आहे.’ चष्मा कपाळावरून खाली ओढून त्या एकेक नाव वाचतात, चपला घालतात आणि निघतात.

कळमन्याच्या बाजारामागच्या वस्तीत त्या बारा वर्षांपासून आशाताई आहेत. घरोघरी फिरून बाळंतिणींची आणि लेकरांची खबर ठेवायची, हे त्यांचं काम. वस्तीतल्या बहुतेक बाया लाल मिरचीचे देठ तोडायला जातात. तिखटात बुडालेले हात तीनदा साबणानं धुतले तरी आग जात नाही, आणि त्या हातांनी धरलं की बाळ किंचाळतं. म्हणून बुधवारी बुद्धविहारात लसीकरण असतं तेव्हा आई शेजारी उभी राहते आणि बाळ प्रयागबाईंच्या मांडीवर असतं. सुई टोचताना त्या बाळाच्या कानाशी काहीतरी पुटपुटतात. काय म्हणता, असं मी एकदा विचारलं.

“काई नाई वं. झालं, झालं, झालं, इतकंच म्हणतो.”

लसीची वेळ दुपारी दोन ते चार, कारण मिरचीवाल्या बायांना तेव्हाच सुट्टी मिळते. ही वेळही प्रयागबाईंनी भांडून मिळवलेली.

त्यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या चुकीमुळे.

आमच्या शहरात एक आरोग्य समिती आहे. लसीकरण, गर्भवतींची तपासणी, डासांची फवारणी हे सगळं नीट चालतं का, ते ती दर तीन महिन्यांनी पाहते. मी इंजिनीअर. समितीसाठी नोंदींच्या याद्या तयार करायला मला नेमलं होतं. पहिल्याच तिमाहीत मी ठरवलं की दुबार नोंदी काढून टाकायच्या. एका मोबाइल नंबरावर तीनपेक्षा जास्त मुलं दिसली की पहिली तीन ठेवायची, बाकीची गाळायची. एका घरात पाच वर्षांखालची मुलं असतील तरी किती असणार? यादी एकदम सुटसुटीत झाली. मला फार बरं वाटलं.

त्या यादीत कळमन्याच्या वस्तीत तीनच मुलं उरली होती.

समितीचा नियम होता, दहापेक्षा कमी मुलं असतील तर तिथलं लसीकरण बंद करून नर्स दुसरीकडे द्यायची. शहराच्या टोकाला बेसाकडे नव्या इमारती झाल्या होत्या, तिथून मागणी होती. रामदासपेठेत समितीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा प्रयागबाईंनाही बोलावलं होतं. अध्यक्ष डॉक्टर कृष्णकांत, निवृत्त बालरोगतज्ज्ञ, स्वभावानं मऊ माणूस.

“ताई, यादीत तर तीनच मुलं आहेत.”

“तीन? मंग बाकीचे पोट्टे काय मी जत्रेत हरवले, डॉक्टरसाहेब?”

सगळे हसले. प्रयागबाई हसल्या नाहीत.

“विहारातलं बंद केलं तर बायाईनं कुठी जाव?”

“मोठ्या दवाखान्यात. सकाळी नऊ ते बारा.”

“रिंगरोड पार करून? सकाळी मिरची सोडून कोन येते, साहेब? एक बुधवार नाई येनार, दुसरा नाई येनार. मंग गोवर आला का तुमी मलेच इचारसान, काहून ताई, तुमी काय करून राहिल्या?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “यादी बरोबर आहे ना, काजल?”

“हो सर. दोनदा तपासली.”

खरंच तपासली होती. जशी केली होती तशीच ती होती.

डॉक्टरांनी यादी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, “निर्णय पुढच्या आठवड्यात. काजल, बुधवारी तिथे जाऊन स्वतः मोजून या.”

बुधवारी मी स्कूटी विहाराच्या भिंतीला लावली. दोन वाजता बाया यायला लागल्या. पदरानं बाळ उचलून आणत होत्या, हात लागू नये म्हणून. लस असो नसो, पाच वर्षांखालची सगळी लेकरं प्रयागबाईंनी त्या दिवशी बोलावली होती. मी ओट्यावर बसून एकेक नाव लिहीत गेले.

पहिल्या बाईला विचारलं, “मोबाइल नंबर?”

तिनं हनुवटीनं प्रयागबाईंकडे दाखवलं. “त्याइचाच.”

दुसरीनं तेच केलं. तिसरीनंही. चौथी होती मेघा. तिला मी विचारलं, “तुमच्याकडे फोन नाही का?”

“हाय ना. आमचे मालक घिऊन जाते बाजारात पहाटेच. त्याइच्या फोनवर आलं तर कोन सांगते मले? ताईकडे आलं का ताई दारात येते.”

माझा पेन थांबला. एक नंबर, तीनपेक्षा जास्त मुलं. तीन सोडून वस्तीतली सगळी लेकरं मी स्वतःच्या हातानं गाळली होती.

चार वाजेपर्यंत त्रेचाळीस नावं झाली. निघताना मी प्रयागबाईंना सगळं सांगितलं, यादी कशी केली तेही. आता त्या चांगल्याच चिडतील असं वाटलं. त्या सतरंजी झटकत होत्या.

“म्हंजे तुले वाटलं, एका बाईले इतके पोट्टे कसे?”

“हो.”

“मले बी वाटते कदी कदी,” त्या म्हणाल्या आणि सतरंजीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. “धर. नीट घडी घाल.”

पुढच्या बैठकीत मी त्रेचाळीस नावं वाचून दाखवली आणि चूक माझी आहे हे सांगितलं. डॉक्टर कृष्णकांत रागावले नाहीत. कोणतंही ठिकाण बंद करण्याआधी एकदा तिथे जाऊन मोजायचं, असा ठराव त्यांनी लिहून घेतला. विहारातलं लसीकरण चालू राहिलं. बेसासाठी वेगळी नर्स मागायचं ठरलं. माझ्या यादीत आता नंबर सारखा असला तरी कोणतंही मूल गळत नाही.

गेल्या महिन्यात मेघाला दुसरी मुलगी झाली. नोंद करायला मी गेले, तेव्हा बाळ अर्थातच प्रयागबाईंच्या मांडीवर होतं. सवयीनं मी विचारलं, “नंबर?”

मेघा आणि प्रयागबाई, दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी प्रयागबाईंचा नंबर टाकला. आता तो मला पाठ आहे.