पहिली पत्रिका
हळदकुंकवाचं बोट लावलेली पत्रिका हातात आली, की त्या वासासरशी मला अंबडमधलं आमचं जुनं ऑफिस आठवतं. शेजारच्या वर्कशॉपमधून ऑइलचा वास यायचा आणि आम्ही लग्नाच्या पत्रिका ईमेलने पाठवणारं सॉफ्टवेअर लिहायचो. एखादा पत्ता चुकीचा निघाला, की त्यामागच्या सगळ्या पत्रिका अडकायच्या. म्हणून मी असे पत्ते आधीच गाळणारा छोटासा फिल्टर लिहिला आणि तपासायला ताईंकडे, म्हणजे आमच्या टीम लीडकडे, पाठवला. त्या खुर्ची ओढत माझ्याशेजारी आल्या. "अरे, तू बाप्पालाच गाळलंस की!" मी नीट पाहिलं. प्रत्येक यादीत पहिला पत्ता गणपतीच्या नावाचा होता, आणि तो त्यांनीच घातला होता. "पण ताई, असा मेलबॉक्सच नाहीये." "मग उघड ना! पहिली पत्रिका बाप्पाला दिल्याशिवाय कुणाला बोलावतात का?" मी हसत हसत मेलबॉक्स उघडला. फिल्टर राहिला, बाप्पाही राहिले, आणि ताईंनी कोड पास केला. आज त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तीही मेलनेच. हळदकुंकवाचा वास अर्थातच नव्हता. पण वर पाहिलं, तर पहिला पत्ता बाप्पाचा होता आणि दुसरा माझा.