काशीबाईंच्या टाकीचा ठसा

जामखेडला जातेय म्हटल्यावर आईने विचारलं, "तिथे बघायला काय आहे?" मला खरंच माहीत नव्हतं. माझी मैत्रीण रेवा प्रिंटमेकिंग शिकवते. ती तिथल्या वडार वस्तीवर बायकांसाठी तीन दिवसांचं वर्कशॉप घेणार होती आणि तिला शाईचे डबे उचलायला कुणीतरी हवं होतं. मी दोन मिनिटांत बॅग भरली.

पुण्याहून नगर साडेतीन तास. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिसा खूश. नगरला चहा पिऊन जामखेडची गाडी पकडली. हा रस्ता मध्येच बीड जिल्ह्यात शिरतो आणि जामखेडच्या आधी परत नगर जिल्ह्यात येतो. खिडकीतून ऊस दिसेनासा होतो, ज्वारी सुरू होते, मग नुसतीच माती आणि दगड. पाण्याची बाटली भरून ठेवा.

वस्तीवरच्या समाजमंदिरात बारा बायका जमल्या होत्या. आपसात त्या वडारी बोलत होत्या. ती तेलुगूच्या जवळची बोली, मला ओ की ठो कळेना. माझं मराठी ऐकून सुनीता नावाची एक तरुण सून हसली. "ताय, तुमचं मराठीबी आमच्यावानीच हाय. घरचं न्हाई, शाळंत शिकल्यालं!"

शाळेतही नव्हतं गं, पुण्यात शेजारणींकडून उचललेलं, मी मनात म्हटलं.

सुनीताच्या शेजारी तिच्या सासूबाई बसल्या होत्या, काशीबाई. त्या जन्मभर गावोगाव फिरून पाट्यांना टाकी लावायच्या. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की मसाला नीट वाटला जात नाही. मग छिन्नीने बारीक खाचा मारून तो परत खरखरीत करायचा. त्या छिन्नीलाच टाकी म्हणतात.

"मिक्सर आल्यापासनं आत्याबाई दारातच बसून असत्यात," सुनीता माझ्या कानाशी लागली. "लई मिनतवारीनं आणलंय आज. टिकल्या म्हंजे झालं."

रेवा शाई तयार करत होती, म्हणून कोरायचं कसं हे मी दाखवत होते. लिनो म्हणजे रबरासारखी मऊ शीट. ती टोकदार हत्याराने ढकलत ढकलत कोरायची. मग रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याने घासायचं. कोरलेलं पांढरं राहतं, बाकी काळं.

काशीबाईंनी हत्यार ढकललं नाही. बाहेरून एक दगड उचलून आणला आणि हत्यारावर ठाणकन मारला. लिनोला भोक. दुसरी शीट दिली, तिलाही भोक. तिसरीचे तर दोन तुकडे झाले.

"आगं काशे, पोट फाडलंस की त्याचं!" शेजारची गंगूबाई ओरडली. सगळ्या हसल्या. मीसुद्धा, आणि वर उत्साहात म्हणाले, "काही नाही मावशी, जरा हलक्या हातानं!"

काशीबाईंनी दगड खाली ठेवला. "लेकरांचा खेळ हाय ह्यो. माझ्या हाताचं काम न्हाई." आणि उठून गेल्या.

सुनीता माझ्यावर चिडली. "त्यांना हात शिकवता व्हय, ताय? आता न्हाई यायच्या त्या."

संध्याकाळी शेवभाजी-भाकरी समोर आली. तिथली शेवभाजी झणझणीत असते, नक्की खा. माझी भाकरी मात्र ताटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही त्यांच्या दारात गेलो. मी माफी मागितली. रेवाने एवढंच विचारलं, "काकू, टाकी लावताना बघू का आम्ही?"

"दगडाचं काय बघायचं?" म्हणत त्यांनी पाण्याच्या हंड्याखालचा पाटा ओढला, पुसून उन्हात वाळवला. पोत्यातून टाकी-हातोडी काढली, चष्म्याची दोरी कानामागे बांधली. टक् टक् टक्. तिरप्या खाचांच्या ओळी, एकसारख्या, आखल्याशिवाय. वाटी भरेल एवढी धूळ निघाली.

रेवा पळत जाऊन रोलर घेऊन आली. "शाई लावू?"

"लाव. कोन वाटतंय आता त्याच्यावर?"

कागद घासून उचलला तर काळ्यावर शेकडो पांढऱ्या खाचा. काशीबाईंनी तो उन्हाकडे धरला. मग पाट्याशी ताडून पाहिला.

"उलटा पडलाय," शेवटी म्हणाल्या, "पन हात माझाच हाय."

"आता त्याच्यावर वाटलंस तर कालवण काळं हुईल!" गंगूबाई कुंपणापलीकडून.

"तुझं तसंबी काळंच आसतंय."

तिसऱ्या दिवशी त्या समाजमंदिरात आमच्या आधी हजर होत्या, टाकीसकट. रेवाने दिलेल्या लाकडाच्या फळीवर त्यांची हातोडी नीट चालली. मग ती त्यांनी सुनीताच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुबी बस. हलका हात नगं, नेमका पायजे."

माझी फळी भयंकर झाली. ती मी घरी आणलीय.

घरी आल्यावर बाल्कनीतल्या कुंडीखाली लक्ष गेलं. पाटा! इतकी वर्षं तिथेच होता. कडेला अजून खाचा शिल्लक होत्या. कुणी मारल्या, आईला आठवेना. "यायच्या गं कुणीतरी बायका." मी शाई लावून त्याचा ठसा घेतला आणि फोटो सुनीताला पाठवला.

तासाभराने व्हॉइस नोट आली, काशीबाईंच्या आवाजात. "कागदावर उल्टं पडतंय ते धरून सांगते, ही बाई डावरी हुती. हात चांगला हाय. शेवटच्या दोन वळी घाईत मारल्यात, एष्टी चुकत आसंल." आणि पुढे, "आनखी कुनाच्या घरी पाटा आसंल तर त्याचाबी कागद धाड. बघते कोन हुतं त्ये."