जेवताना हातमोजे

कॅन्टीनमध्ये मॅनेजरसाहेबांनी माझ्या ताटाशेजारी पॉलिथिनचे हातमोजे टाकले.

"मॅडम, ये पहनके खाइए. लोगों को घिन आती है."

सगळ्यांसमोर. वाढपी पोळी घेऊन आला आणि ती हातभर उंचीवरून ताटात सोडून गेला. मी हातमोजे घातले. पोळी तुटेना. प्लॅस्टिक डाळीत बुडत होतं. अकाउंट्सच्या टेबलावरून आवाज आला, "आंटी ऑपरेशन करने आई हैं क्या?" हशा पिकला.

आई सांगायची, तिच्या लहानपणी वाणी तिच्या ओंजळीत मीठ वरून टाकायचा. ती गोष्ट संपली असं मी धरून चालले होते. दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकले, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, नोएडात नोकरी मिळवली. त्या दुपारी कळलं, संपलेलं काहीच नाही.

माझे हात असे फोडांनी, भेगांनी भरलेले का झाले, ते नीट सांगते.

आमच्या कारखान्यात सर्किटच्या डबीत रेझिन ओततात. ते घट्ट झालं की आत पाणी जात नाही. रेझिनमध्ये हार्डनर मिसळायचं काम माझं. शंभर भागांना दहा भाग. माझं प्रमाण चुकत नाही, म्हणून वजनाचा काटा माझ्याकडे. हातमोजे मी कितीदा मागितले. उत्तर ठरलेलं : "दस्ताने से हाथ धीमा चलता है."

शिफ्ट संपली की आम्ही सगळ्या थिनरनं हात धुवायचो. चिकटा एका पुसण्यात जायचा. मला स्वच्छतेची सवय, मी दोनदा धुवायचे. थिनर चिकट्याबरोबर कातडीचं तेलही नेत होतं. उघड्या पडलेल्या कातडीत रेझिन शिरत होतं. आधी बोटांच्या बेचक्यात खाज आली. मग बारीक फोड, लस, भेगा. कणीक मळताना पीठ लाल व्हायला लागलं. घरचे म्हणाले, भांड्याचा साबण बदल. बदलला. मग एके सकाळी पापण्या सुजून डोळे मिटले. पापणीला मी काहीच लावलं नव्हतं. नुसती वाफ पुरली होती.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवल्या. साबणाची जागा कोरी राहिली. रेझिनच्या जागी लाल चकंदळ उठलं, त्यावर फोड. त्या म्हणाल्या, "ये छूत की बीमारी नहीं है, किसी को नहीं लगेगी. पर आपकी चमड़ी अब इसे भूलेगी नहीं. ज़रा-सा भी काफ़ी है." पॉलिथिनचा उपयोग नाही, रेझिन अडवणारे वेगळे हातमोजे लागतात, हेही त्यांनीच सांगितलं.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं होतं. त्यानंतर आठवड्याभरात ताटाशेजारी ते हातमोजे आले. कामाला नाहीत. जेवायला आहेत.

मी ते काढले. उघड्या हातानं पोळी तोडली, डाळीत बुडवली, खाल्ली. डाळीतलं तिखट भेगांत गेलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी ताट संपवलं. मग लाइनवर गेले आणि काट्यासमोर हात मागे घेऊन उभी राहिले.

"सही दस्ताने आने तक मैं नहीं मिलाऊँगी."

साहेब हसले. "तो घर बैठिए. सुनीता, तू मिला."

सुनीता लाइनवर माझ्या शेजारची. नवरा आजारी, घरात कमावणारी ती एकटी. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. डब्याचं झाकण उघडलं. तेव्हा मला तिची बोटं दिसली. बेचक्यात तेच बारीक फोड. पलीकडची सरोज मनगट टेबलाच्या कडेला घासत होती. सगळी लाइन खाजवत होती आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपल्या घरचा साबण वाईट आहे.

मी ओरडले, "सुनीता, वो साबुन नहीं है! ये डिब्बा है!"

गार्डनं मला बाहेर काढलं. माझी जागा भरलीसुद्धा.

कामगार खात्यात तक्रार दिली आहे. तिचं काय होईल, माहीत नाही. रोज सकाळी शिफ्टच्या वेळी मी गेटसमोर उभी असते. गार्ड म्हणतो, "आंटी, तमाशा मत करो." सुनीता मान खाली घालून आत जाते. तिच्या पापण्या आता सुजल्या आहेत. मी तिला दोष देत नाही आणि गप्पही बसत नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या डब्यात काय आहे ते मी सांगणार. माहीत नव्हतं, असं या कारखान्यात यापुढे कोणालाही म्हणता येणार नाही. साहेबांना तर नाहीच.