अल्फियाचा काळा झगा

सिसिलीतल्या कातानिया शहरातली व्हेनेरा एरवी साधा पाव भाजायची, पण संत अगाथाची जत्रा जवळ आली की तिची भट्टी विझायची नाही. लग्नाची मागणी घालणाऱ्या रोमन अधिकाऱ्याला नकार दिला म्हणून त्यानं अगाथाचे स्तन कापले, तिला तुरुंगात मारलं. जत्रेला म्हणून स्तनांच्या आकाराचे पांढरे केक, वर लाल चेरी. "आमची अगाथा कुणापुढं वाकली नाही हो!" व्हेनेरा गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायची. स्वतः मात्र घरात सगळ्यांपुढं वाकायची. आई गेल्यावर धाकट्या बहिणीला, अल्फियाला, तिनंच वाढवलं. बापानं व्हेनेराला हुंड्यात घर दिलं, पण त्याची एकुलती एक किल्ली नवऱ्याच्या, सिरिनोच्या कमरेला.

जत्रेत बायकांना मोकळीक असे. काळ्या झग्यात तोंड गुंडाळायचं, एकच डोळा उघडा, आणि वाटेल त्या पुरुषाचा हात धरून हवं ते मागायचं. त्यानं नाही म्हणायचं नाही.

त्या वर्षी व्हेनेराच्या झग्यावर मेण सांडलं. अल्फिया बापाच्या घरी तापानं पडलेली. व्हेनेरा तिला कढण पाजून आली, येताना खुंटीवरचा तिचा, बाहीला ठिगळ असलेला झगा घेऊन आली आणि चौकात गंमत म्हणून नवऱ्याचाच दंड धरला.

बाहीचं ठिगळ पाहून सिरिनो खुलला. "आलीस? म्हणजे तापाचं नाटकच होतं!"

व्हेनेरानं त्याचा दंड घट्ट आवळला.

"एवढा आवळू नकोस गं, अल्फिया. तुझी ताई इथंच कुठंतरी असेल. गेल्या वर्षी तिच्या पुढ्यात उभे होतो आपण, बावळटीला पत्ता नाही!"

गेल्या वर्षी. सिरिनोच्या हाताला लटकलेल्या त्या झगेवालीला व्हेनेरानंच केक दिला होता. वर हसून म्हणाली होती, "लुटा बाई, लुटा माझ्या नवऱ्याला!"

तिनं त्याच्या कमरेकडं बोट केलं.

"किल्ली? वेड लागलं का तुला?"

"दे रे, कंजूष!" मिठाईवाले ओरडले. "आज नाही म्हणतोस?"

सिरिनोनं हसत हसत किल्ली दिली.

संध्याकाळी दारावर थापा पडल्या. "व्हेनेरा! उघड गं, किल्ली हरवली माझी."

"हरवली नाही. तुम्ही स्वतः दिलीत. माझ्या हातात."

सिरिनोची पावलं घाईनं दूर गेली. मग तासाभरानं, त्यानं बापाच्या घरून उठवून आणलेल्या अल्फियाचा बसलेला आवाज दाराबाहेरून आला, "ताई, थंडी वाजतेय गं मला."

व्हेनेराचा हात सवयीनं कडीकडं गेला आणि तिथंच थांबला. "अगाथाला कापणारा परका तरी होता," ती म्हणाली.

दार उघडलं नाही. सकाळी शेजारीण पाव घ्यायला आली, तेव्हा व्हेनेरानं मान वर न करता विचारलं, "अल्फियाचा ताप उतरला का, काही कळलं?"